वृद्ध स्त्रियांचे कुपोषण : धाराशिव (उस्मानाबाद) जिल्हा

अल्प उत्पन्न गटातील साठ वर्षांवरील स्त्रियांना ऊर्जा, प्रथिने, जीवनसत्त्वे व खनिजे ही दीर्घकाळ अपुऱ्या प्रमाणात मिळाल्यामुळे निर्माण होणारी अवस्था. विकसनशील देशांच्या ग्रामीण भागांत ही अवस्था व्यापक प्रमाणात आढळते. तथापि बालके, गर्भवती व स्तनदा माता यांच्या कुपोषणाइतके लक्ष तिच्याकडे दिले गेलेले नाही. महाराष्ट्रातील धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्याचा इतिहास या प्रश्नाच्या अभ्यासास विशेष उपयुक्त आहे. वारंवार पडणारे दुष्काळ, कोरडवाहू शेती, संस्थानी राजवटीचा वारसा, १९९३ चा भूकंप व त्यानंतरचे पीकबदल या सर्वांचा परिणाम तेथील स्त्रियांच्या अन्नावर झालेला असून त्या परिणामांची बेरीज त्यांच्या वार्धक्यात दिसून येते.

भौगोलिक पार्श्वभूमी : जिल्ह्याचे क्षेत्रफळ सुमारे ७,५०० चौ. किमी. असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १६,५७,५७६ होती, तीपैकी सु. ८३ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. बालाघाटच्या डोंगररांगांनी जिल्ह्याचा बराच भाग व्यापला आहे. मांजरा, तेरणा, सीना व बोरी या येथील प्रमुख नद्या. पश्चिमेकडील भूम व परांडा हे तालुके पर्जन्यछायेच्या प्रदेशात येत असल्याने तेथे पावसाची अनिश्चितता अधिक आहे. रब्बी ज्वारी हे परंपरेने मुख्य अन्नधान्य; त्याच्या जोडीला तूर, हरभरा, मूग, उडीद, हुलगे व करडई ही पिके घेतली जात. हा जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्याचे मुख्य ठाणे प्रारंभी नळदुर्ग येथे होते. १९०४ मध्ये ते धाराशिव येथे आले. पुढे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून त्यास उस्मानाबाद हे नाव मिळाले. हा जिल्हा १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात समाविष्ट झाला. १९८२ मध्ये लातूर हा स्वतंत्र जिल्हा त्यातून वेगळा काढण्यात आला. २०२३ मध्ये जिल्ह्याचे नाव अधिकृत रीत्या धाराशिव असे झाले.

पारंपरिक आहार व त्यातील स्त्रीचा वाटा : ज्वारीची भाकरी, तुरीचे किंवा हुलग्याचे कालवण, अंबाडी, तांदुळजा, पाथरी, घोळ यांसारख्या पालेभाज्या आणि मिरचीचा ठेचा हा गरीब कुटुंबाचा नित्याचा आहार. शंभर ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅ. प्रथिने असतात; मात्र त्यांत लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी असते व कॅल्शियम अवघे २५ ते २८ मिग्रॅ. असते. भाकरीबरोबर डाळ, ताक व पालेभाजी असल्यास ही उणीव बऱ्याच अंशी भरून निघते. नुसती भाकरी व मिरची असल्यास निघत नाही. केवळ ज्वारीवर निर्वाह करणाऱ्या दख्खनच्या पठारावरील मजुरांत पेलाग्रा हा नायसिनाच्या अभावाने होणारा रोग आढळत असे. हैदराबाद येथील संशोधक सी. गोपालन व श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील ल्यूसीनच्या आधिक्याशी त्याचा संबंध जोडला. हे स्पष्टीकरण पुढे वादग्रस्त ठरले. पण एकाच धान्यावर विसंबलेल्या आहारातील धोका त्यामुळे प्रकर्षाने लक्षात आला.

कुटुंबात जे शिजते त्याची वाटणी सर्वांना सारखी होत नाही. पुरुष व मुले प्रथम, सुना व सासू शेवटी, हा जेवणाचा क्रम सर्वसाधारणपणे पाळला जाई. डाळीचा घट्ट भाग व दूध ज्यांना आधी वाढले जाई, त्यांच्या वाट्यास येई. उरलेल्या पातळ कालवणात भाकरी कुस्करून स्त्रिया जेवत. एकादशी, चतुर्थी, सोमवार, नवरात्र इ. उपवासांची संख्या स्त्रियांत अधिक आणि वयाबरोबर वाढत जाणारी. सधन घरात उपवासाला दूध, फळे व शेंगदाणे असतात. गरीब घरात उपवास म्हणजे चहा व अर्धपोट राहणे. उच्चवर्णीय विधवांवर एकभुक्त राहण्याचे कडक निर्बंध होते. ज्या जातींत पाट लावण्याची पद्धत होती त्यांत ते शिथिल असले, तरी वयस्क व अपत्यहीन विधवेस तेथेही आधार नव्हता.

असे असले, तरी जुन्या ग्रामव्यवस्थेत वृद्ध स्त्रीला अन्नाचे काही मार्ग उपलब्ध होते. मजुरी धान्याच्या रूपात मिळे व ते धान्य थेट तिच्या हाती येई. पेव व कणगी यांतील धान्य काढण्याचा अधिकार बहुधा सासूकडे असे. पिकाची काढणी झाल्यावर रानात राहिलेली कणसे व शेंगा वेचणे, म्हणजे सरवा वेचणे, हा गरीब म्हाताऱ्या बायांचा अलिखित हक्क मानला जाई. बांधावरच्या रानभाज्या व एखादी उस्मानाबादी शेळी यांचाही आधार असे. ही शेळी काटक, कमी चाऱ्यावर जगणारी व प्रायः जुळी करडे देणारी असल्याने भूमिहीन स्त्रियांत विशेष प्रिय ठरली. हे मार्ग दानावर नव्हे, तर रिवाजावर आधारलेले होते, ही गोष्ट पुढील बदल समजण्यासाठी ध्यानात घेणे आवश्यक आहे.

दुष्काळांचा इतिहास : दख्खनमध्ये १६३०–३२, १८७६–७८ व १८९९–१९०० या काळांत मोठे दुष्काळ पडले. ब्रिटिश मुलखात १८८० नंतर तयार झालेल्या दुष्काळ संहितांत मदत घेणाऱ्यांचे दोन वर्ग कल्पिले होते : कामावर जाऊ शकणारे व काम करण्यास असमर्थ असल्याने फुकट शिधा मिळण्यास पात्र असणारे. वृद्ध स्त्रिया दुसऱ्या वर्गात पडत. दुष्काळातील मदत म्हणजे मुख्यतः कामाच्या मोबदल्यात मिळणारी मजुरी, ही कल्पना तेव्हापासून दृढ झाली आणि जो काम करू शकत नाही त्याचा हक्क दुय्यम ठरला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात हैदराबाद संस्थानात शेतकऱ्यांकडून सक्तीने धान्याची लेव्ही घेण्यात येई. त्यामुळे घरच्या साठ्यावर ताण पडला. १९४७-४८ मधील रझाकारांचे अत्याचार व सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर उसळलेला हिंसाचार यांची सर्वाधिक झळ पोहोचलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबादचा समावेश होता. त्यात अनेक कुटुंबांतील कर्ते पुरुष मारले गेले. मागे राहिलेल्या विधवांचे वार्धक्य निराधार अवस्थेत गेले.

महाराष्ट्रात १९७०–७३ या काळात अवर्षण पडले व १९७२ मध्ये त्याने उग्र रूप धारण केले. उस्मानाबाद जिल्हाही त्यात होरपळून निघाला. पाझर तलाव, रस्ते, बांधबंदिस्ती व खडी फोडणे अशी कामे शासनाने हाती घेतली. मे १९७३ मध्ये राज्यात अशा कामांवरील मजुरांची संख्या सुमारे ५० लाखांवर गेली होती व त्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. आयात केलेला मिलो हा तांबडा जोंधळा शिधावाटप दुकानांतून मिळे. कामाच्या ठिकाणी पीठ, गूळ व तेल यांपासून केलेली सुकडी वाटली जाई. या उपायांमुळे अवर्षणाचे मोठ्या भूकबळींत रूपांतर झाले नाही. जगातील दुष्काळ निवारणाच्या यशस्वी उदाहरणांत याची गणना होते. मात्र भूकबळी टळले, म्हणजे भूक टळली असे नव्हे. धान्याचा दरडोई वापर त्या काळात बराच घटला होता आणि तो तुटवडा सर्व थरांत वाटला गेल्याने मृत्यू कमी झाले. घराघरांत या तुटवड्याची वाटणी करताना जेवणाचा जुना क्रमच कायम राहिला.

या अनुभवातून वि. स. पागे यांच्या कल्पनेतील रोजगार हमी योजनेला कायद्याचे रूप मिळाले. हा कायदा १९७७ मध्ये संमत होऊन २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. स्त्रियांच्या हाती रोख मजुरी देणारी ही महत्त्वाची योजना होय. तथापि तिचा आधार श्रम हाच होता. उन्हात खडी फोडून, मातीच्या पाट्या वाहून मिळालेल्या मजुरीतून ज्यांनी कुटुंब जगविले, त्याच स्त्रियांची कंबर व गुडघे पुढे निकामी झाल्यावर योजनेत त्यांना स्थान उरले नाही. १९७२ मध्ये विशीत असलेली स्त्री आज सत्तरी ओलांडलेली आहे. तिच्या आजच्या प्रकृतीचा विचार त्या वर्षांना वगळून करता येत नाही.

शारीरिक कारणे व लक्षणे : वार्धक्यात शरीराची ऊर्जेची गरज काहीशी कमी होते; प्रथिने, कॅल्शियम व बहुतेक जीवनसत्त्वे यांची गरज मात्र कमी होत नाही. म्हणून अन्नाचे प्रमाण घटताना त्याचा कस वाढणे आवश्यक असते. गरीब घरात नेमके उलट घडते. दात पडल्याने भाकरी चावत नाही. ती चहात किंवा पातळ आमटीत भिजवून खाल्ली जाते आणि पोट त्यावरच भरते. मिश्री लावण्याच्या सवयीने हिरड्यांचे विकार बळावतात व भूक मंदावते. जठरातील अम्ल कमी झाल्याने ब१२ जीवनसत्त्वाचे शोषण नीट होत नाही. दूध, अंडी व मांस यांचा अभाव असलेल्या आहारात त्याची त्रुटी अधिकच वाढते. मोतीबिंदूमुळे दिसेनासे झालेल्या एकट्या स्त्रीला चूल पेटविणेही कठीण होते.

याशिवाय काही कारणे आयुष्याच्या पूर्वार्धातच रुजलेली असतात. बालपणी खुंटलेली वाढ, अल्पवयात झालेले विवाह, पाठोपाठची बाळंतपणे व दीर्घकाळ चाललेले स्तनपान यांमुळे शरीरातील लोह व कॅल्शियम यांचा साठा कधीच पुरेसा होत नाही. भारतीय स्त्रियांत ऋतुनिवृत्ती सर्वसाधारणपणे ४६-४७ व्या वर्षी येते व त्यानंतर हाडांची झीज वेगाने होते. मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या स्त्रियांत तरुणपणीच गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रिया मोठ्या प्रमाणावर झाल्याचे शेजारच्या बीड जिल्ह्यात उघडकीस आले आणि २०१९ मध्ये राज्य शासनाने त्याची चौकशी केली. अशा शस्त्रक्रियेत अंडाशयेही काढली असल्यास हाडे ठिसूळ होण्याची क्रिया कित्येक वर्षे अलीकडे येते. ऋतुनिवृत्तीनंतर लोहाची गरज घटत असली, तरी रक्तक्षय आपोआप नाहीसा होत नाही. कारण रिता झालेला साठा भरून काढणारे अन्न मिळत नसते. स्नायू क्षीण होणे, पकड सैल पडणे, जखमा लवकर न भरणे, वारंवार संसर्ग होणे व किरकोळ पडण्याने खुब्याचे हाड मोडणे ही या कुपोषणाची प्रमुख लक्षणे होत. त्यांचे वर्णन ‘म्हातारपण’ या एकाच शब्दाने केले जात असल्याने रोग म्हणून त्यांची दखल घेतली जात नाही.

मापनाचा प्रश्न : प्रौढांचे कुपोषण ठरविण्यासाठी किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा देहवस्तुमानांक वापरतात, तो १८.५ पेक्षा कमी असल्यास व्यक्ती कृश समजली जाते. पाठीला बाक आलेल्या स्त्रीची उंची प्रत्यक्षाहून कमी भरते व त्यामुळे तिचा अंक फसवा, म्हणजे जास्त, येतो. अशा वेळी हाताची लांबी वा गुडघ्यापर्यंतची उंची मोजून मूळ उंचीचा अंदाज करतात, किंवा दंडाचा घेर मोजतात.

मापनातील खरी उणीव मात्र तंत्राची नसून कक्षेची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्त्रियांची पाहणी १५ ते ४९ या वयोगटापुरती, म्हणजे प्रजननक्षम वयापुरती केली जाते. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील पूरक आहार सहा वर्षांखालील बालके, गर्भवती व स्तनदा माता यांच्यासाठी आहे. गावात अंगणवाडीतील वजनकाटा असतो. त्यावर आजीचे वजन करण्याची तरतूद नसते. स्त्रीचे पोषण हा प्रामुख्याने तिच्या मातृत्वाचा विषय मानला गेल्याने पन्नाशीनंतर ती नोंदींतून नाहीशी होते. १९८२ मध्ये व्हिएन्ना येथे भरलेल्या वार्धक्यविषयक जागतिक परिषदेने वृद्धांच्या पोषणाकडे राष्ट्रांचे लक्ष वेधले. १९९० नंतरच्या दशकात मुंबईतील झोपडपट्ट्या व आफ्रिकेतील मलावी येथे वृद्धांची प्रत्यक्ष मोजमापे घेण्यात आली आणि गरीब देशांतील वृद्धांत कृशता सर्रास असल्याचे दिसून आले. भारतात ४५ वर्षांवरील व्यक्तींचे व्यापक सर्वेक्षण २०१७-१८ मध्ये प्रथमच झाले. त्यानुसार देशातील साठ वर्षांवरील व्यक्तींपैकी सुमारे २७ टक्के कृश होत्या. धाराशिवसारख्या जिल्ह्यातील वृद्ध स्त्रियांच्या नियमित नोंदीची व्यवस्था मात्र त्यामुळे निर्माण झाली नाही.

भूकंप व पीकबदल : ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या किल्लारी भूकंपात लातूर व उस्मानाबाद या जिल्ह्यांतील सुमारे आठ हजार लोक मृत्युमुखी पडले. उस्मानाबाद जिल्ह्यात सास्तूर व आसपासच्या गावांची मोठी हानी झाली. पुनर्वसित गावे प्रशस्त झाली. पण मुलगे व सुना गमावलेल्या वृद्धांना घर मिळाले, तरी जेवू घालणारे माणूस परत मिळाले नाही.

याच सुमारास शेतीतही मोठे स्थित्यंतर घडून आले. खरीप हंगामातील मूग, उडीद, तूर व ज्वारी यांच्या मिश्र पिकांची जागा क्रमाक्रमाने सोयाबीनने घेतली. पाण्याची सोय असलेल्या ठिकाणी ऊस आला. सोयाबीन थेट बाजारात जाते. ते घरात शिजत नाही. मजुरी रोखीने मिळू लागली. मळणी यंत्रे आल्यावर सरवा उरेनासा झाला. तणनाशकांमुळे बांधावरच्या रानभाज्याही घटल्या. भूम तालुका व कुंथलगिरीचा परिसर खवा व पेढे यांसाठी प्रसिद्ध आहे. पण खव्याच्या भट्टीला जाणारे दूध घरच्या म्हातारीच्या वाट्याला क्वचितच येते. शेतकऱ्याचे उत्पन्न काही ठिकाणी वाढले. रिवाजाने मिळणारे वृद्ध स्त्रीचे अन्न मात्र कमी झाले व ती पूर्णतः मुलाच्या मर्जीवर अवलंबून राहिली. जमिनीच्या सातबारा उताऱ्यावर स्त्रीचे नाव असणे यादृष्टीने महत्त्वाचे ठरते. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास ‘लक्ष्मी मुक्ती’ या कार्यक्रमाद्वारे पत्नीच्या नावे जमीन करून देण्याचे आवाहन केले होते. तथापि जिच्या नावे जमीन नाही, अशी वृद्धा आजही सर्वत्र आढळते.

२०१२ नंतरच्या अवर्षणांत, विशेषतः २०१४–१६ या काळात, जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या आत्महत्या हा चिंतेचा विषय झाला. २०१५ मध्ये शासनाने उस्मानाबाद व यवतमाळ या जिल्ह्यांसाठी बळीराजा चेतना अभियान सुरू केले. अशा घटनांत विधवा पत्नी व मुले यांचा विचार होतो; आत्महत्या करणाऱ्याची म्हातारी आई बहुधा दृष्टिआड राहते.

शासकीय उपाय : निराधारांसाठी राज्यात १९८० पासून संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. केंद्र शासनाने १५ ऑगस्ट १९९५ रोजी राष्ट्रीय वृद्धापकाळ निवृत्तिवेतन योजना सुरू केली. तीत केंद्राचा वाटा दरमहा ७५ रु. होता. राज्याच्या श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेसह मिळणारी रक्कम ६०० रु. झाली, ती २०१९ मध्ये १,००० रु. व २०२३ मध्ये १,५०० रु. करण्यात आली. २००० मध्ये सुरू झालेल्या अन्नपूर्णा योजनेत निवृत्तिवेतन न मिळणाऱ्या पात्र वृद्धांस दरमहा १० किग्रॅ. धान्य विनामूल्य देण्याची तरतूद होती. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा अधिनियमाने प्राधान्य कुटुंबांस दरडोई ५ किग्रॅ. धान्याचा हक्क दिला व १८ वर्षांवरील सर्वांत वडील स्त्रीस शिधापत्रिकेवर कुटुंबप्रमुख मानले. शिजलेल्या वा पूरक आहाराचा हक्क मात्र या अधिनियमानेही गर्भवती व स्तनदा माता आणि बालके यांनाच दिला आहे. ज्येष्ठ स्त्री पत्रिकेवर प्रमुख झाली. ताटावरचा तिचा क्रम त्यामुळे बदलला नाही. शिवाय शिधावाटपातील धान्य मुख्यत्वे गहू व तांदूळ यांचे असते. डाळ, तेल व दूध यांची उणीव त्याने भरून निघत नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजनेतही २१ ते ६५ ही वयोमर्यादा असल्याने त्यापुढील स्त्रियांना निराधार व वृद्धापकाळ योजनांवरच विसंबावे लागते.

योजनांचा लाभ मिळविण्यात व्यावहारिक अडचणीही असतात. वयाचा दाखला नसणे, कष्टाने झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्रावर न उमटणे, दूर असलेली बँक व उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात घालावे लागणारे हेलपाटे ही त्यांतील काही होत. मिळालेले निवृत्तिवेतन अनेकदा नातवंडांच्या शिक्षणावर वा औषधांवर खर्च होते.

स्थानिक प्रयत्न : तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथे हॅलो मेडिकल फाउंडेशन या संस्थेने गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना ‘भारतवैद्य’ म्हणून प्रशिक्षण देऊन प्राथमिक उपचार घरापर्यंत नेले. भूकंपानंतरच्या पुनर्वसनकार्यातून उभ्या राहिलेल्या स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेने प्रेमा गोपालन यांच्या नेतृत्वाखाली स्त्रियांना कुटुंबाच्या जमिनीपैकी अर्धा ते एक एकर तुकडा स्वतःच्या निर्णयाने कसण्यास प्रवृत्त केले. त्यात ज्वारी, कडधान्ये व भाजीपाला अशी घरी खाता येतील अशी अनेक पिके घेतली जातात. संस्थेस २०१७ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. अवर्षणात सोयाबीन गेले, तरी अशा तुकड्यातून घरापुरते धान्य व भाजी हाती येते, हे या प्रयोगाचे वैशिष्ट्य होय.

धाराशिव जिल्ह्याच्या इतिहासातून असे दिसते, की वृद्ध स्त्रियांचे कुपोषण हे केवळ अन्नाच्या टंचाईतून उद्भवत नाही. दुष्काळात टंचाईचा भार प्रथम स्त्रियांवर पडला. सुगीत त्यांच्या हक्काचे रिवाजी अन्न बाजाराने घेतले. आणि शासनाच्या नोंदीत मातृत्व संपताच त्यांची गणना थांबली. गावपातळीवर वृद्धांचे नियमित वजन व रक्ततपासणी, मऊ व प्रथिनयुक्त शिजलेल्या अन्नाची सोय, दात व डोळे यांवरील उपचार, वेळेवर मिळणारे निवृत्तिवेतन आणि जमिनीवरील नावाची नोंद हे उपाय खर्चाच्या मानाने अवघड नाहीत. ते अंमलात येण्यासाठी पन्नाशी उलटलेल्या स्त्रीची मोजणी सुरू होणे, ही पहिली अट आहे.